खतावणी आणि कोड

बारावीचा निकाल लागला की बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इथल्या सेवा केंद्रांत आणि महाविद्यालयांच्या प्रवेश खिडक्यांपाशी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो : बीसीए करावं, बीसीएस करावं, की बीबीए? विचारणारी मुलं साधारण एकाच वळणावर उभी असतात. नीटचे गुण वैद्यकीयला पुरलेले नाहीत, अभियांत्रिकीची फी घराला झेपणारी नाही आणि नुसतं बी.ए. किंवा बी.कॉम. करून पुढे काय, याचं उत्तर घरात कुणाकडेच नाही. अशा वेळी व्यवसाय आणि संगणक दोन्ही शिकवणारी तीन वर्षांची पदवी ही बीड जिल्ह्यातल्या कुटुंबांना आवाक्यातली वाट वाटते. वाट चांगली आहे. मात्र ती कुठे जाते हे नीट पाहून तिच्यावर पाऊल टाकणारे फार थोडे.

पहिला गोंधळ नावांचा. बी.एस्सी. कम्प्युटर सायन्स आणि बीसीएस हे विज्ञान शाखेतले अभ्यासक्रम. त्यांत गणित, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाचं मूलभूत शास्त्र येतं. बीसीएचा भर प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, वेब आणि सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पद्धतीवर. बीबीएमध्ये व्यवस्थापन, विपणन, मनुष्यबळ, वित्त. या सगळ्यांच्या मधोमध पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाची बीबीए (सीए) ही पदवी बसते. तिच्यातलं ‘सीए’ म्हणजे कम्प्युटर ॲप्लिकेशन. सनदी लेखापालाच्या परीक्षेशी तिचा संबंध नाही, आणि हे प्रवेशाच्या वेळी पालकांना स्पष्ट सांगावं लागतं. पुण्यात हाच अभ्यासक्रम आधी वाणिज्य शाखेतली बीसीए म्हणून चालायचा, पुढे त्याचं नाव बदललं. म्हणून एकाच घरातल्या मोठ्या भावाच्या प्रमाणपत्रावर बीसीए आणि धाकट्या बहिणीच्या प्रमाणपत्रावर बीबीए (सीए), तरी दोघांचे विषय बरेचसे तेच, असं घडू शकतं. या पदवीत एका सत्रात व्यवस्थापनाची तत्त्वं आणि सी भाषा, दुसऱ्या सत्रात वित्तीय लेखांकन आणि डेटाबेस, पुढे जावा, पायथन, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, आणि शेवटी प्रकल्प अशी जोडी चालते.

ही जोडी कृत्रिम नाही. संगणकाचा धंद्यातला पहिला मोठा उपयोग ब्रिटनमध्ये झाला, तो जे. लायन्स या चहागृहं आणि बेकऱ्या चालवणाऱ्या कंपनीत. १९५१ मध्ये त्यांच्या लिओ या संगणकावर बेकरीच्या मालाचं मूल्य काढण्याचं काम सुरू झालं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्यवस्थापन आणि माहिती यंत्रणा यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम उभा केला, त्यामागे गॉर्डन डेव्हिस हे लेखाशास्त्राच्या अंगाने आलेले प्राध्यापक होते. भारतात टीसीएस १९६८ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या सुरुवातीच्या कामांत सेंट्रल बँकेच्या शाखा-शाखांमधल्या नोंदी जुळवण्याचं काम होतं. म्हणजे भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या मुळाशीही जमाखर्चच आहे. विद्यापीठांना हे कळायला वेळ लागला. पुण्यात मास्टर इन कम्प्युटर मॅनेजमेंट, म्हणजे एमसीएम, ही पदव्युत्तर पदवी बरीच वर्षं चालली. पदवीच्या पातळीवर हा मेळ नंतर आला.

मराठवाड्याच्या खेड्यांपर्यंत संगणक पोचला तो पदवीतून नव्हे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि त्याच्या एमएस-सीआयटी या छोट्या अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावी संगणक केंद्रं उभी राहिली. सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागू लागलं आणि गेवराई, केज, धारूर, पाटोदा अशा गावांतल्या हजारो मुलामुलींनी माऊस पहिल्यांदा तिथे हातात धरला. आज पदवीला येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांच्या आईवडिलांची किंवा थोरल्या भावंडांची संगणकाशी तेवढीच ओळख असते. त्यामुळे या मुलांना घरून मार्गदर्शन मिळणं अवघड, आणि महाविद्यालयावरची जबाबदारी तेवढीच मोठी.

बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठातून १९९४ मध्ये नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ वेगळं झालं, तेव्हा बीड, जालना, धाराशिव आणि संभाजीनगर हे चार जिल्हे मूळ विद्यापीठाकडे राहिले. जिल्ह्यातल्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अंबाजोगाईची योगेश्वरी शिक्षण संस्था तर थेट स्वामी रामानंद तीर्थांच्या कामाशी जोडलेली. बीडचं बलभीम महाविद्यालय, सौ. केशरबाई क्षीरसागर महाविद्यालय, मिल्लिया महाविद्यालय, परळीचं वैद्यनाथ महाविद्यालय, माजलगावचं सुंदरराव सोळंके महाविद्यालय, आष्टी तालुक्यातल्या कड्याचं आनंदराव धोंडे महाविद्यालय या नावांनी तीन-तीन पिढ्या शिकवल्या आहेत. मिल्लियाच्या तर पूर्ण नावातच कला आणि विज्ञान यांच्या जोडीला व्यवस्थापनशास्त्र आहे. अंबाजोगाईत महात्मा बसवेश्वर शिक्षण संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८० च्या दशकात सुरू झालं. म्हणजे जिल्ह्यात इमारती आहेत, संस्था आहेत, शिकण्याची ओढ तर आहेच. कमी पडतं ते दुसरंच.

कमी पडतात शिक्षक. संगणक आणि व्यवस्थापनाचे बहुतेक अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. शिकवणारे तासिका तत्त्वावर येतात, वर्ष संपलं की बदलतात. एखादा तरुण शिक्षक चांगला जावा शिकवू लागला की त्याला पुण्यातून बोलावणं येतं आणि तो जातो. त्याला दोष देता येणार नाही. लेखांकनाचे अनुभवी प्राध्यापक वाणिज्य विभागात असतात, पण ते संगणकाच्या वर्गाकडे पाहुणा तास म्हणून पाहतात. परिणाम असा की दोन विषयांची सांगड घालणारा माणूस वर्गात उभाच राहत नाही. सकाळी डेबिट-क्रेडिट, दुपारी लूप आणि ॲरे. या दोन्हींचा संबंध काय, हे मुलाने स्वतः शोधायचं.

२०२४ साली या सगळ्या चित्रात मोठा बदल झाला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून बीबीए, बीसीए आणि बीएमएस हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले. तोवर विद्यापीठाची संलग्नता पुरत होती. आता परिषदेची मान्यता लागू लागली. त्यापाठोपाठ महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाने या अभ्यासक्रमांसाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू केली आणि पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. राज्यभरात एक लाखाहून अधिक जागा होत्या आणि त्या परीक्षेला बसलेले विद्यार्थी पन्नास हजारांच्याही आत होते. जागा रिकाम्या राहणार हे दिसताच त्याच उन्हाळ्यानंतर पुन्हा एक परीक्षा घ्यावी लागली. राज्यातल्या अनेक महाविद्यालयांनी दुसरी वाट काढली : अभ्यासक्रमाचं नाव बदललं, तो बी.कॉम. किंवा बी.एस्सी.च्या एखाद्या विशेष शाखेत बसवला, आणि सीईटीशिवाय प्रवेश दिले.

या निर्णयामागचा हेतू योग्य होता. दर्जा तपासला जावा, प्रयोगशाळा कागदावर नव्हे तर खोलीत असावी, शिक्षकांची पात्रता पाहिली जावी, यात गैर काही नाही. परिषदेने या पदव्यांसाठी नमुना अभ्यासक्रमही तयार केला. पण परीक्षेची रचना पाहिली की बीडच्या विद्यार्थ्याची अडचण लगेच दिसते. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, उणे गुण नाहीत. त्यांतले चाळीस प्रश्न इंग्रजी भाषेचे, तीस तर्कशक्तीचे, पंधरा सामान्य ज्ञानाचे आणि पंधरा संगणकाच्या प्राथमिक माहितीचे. परीक्षा संगणकावर आणि इंग्रजीतून. शिरूर कासारच्या किंवा वडवणीच्या मराठी माध्यमातल्या मुलाचं गणिती डोकं कितीही चांगलं असो, शंभरातले चाळीस गुण त्याच्या इंग्रजी शब्दसंग्रहावर ठरतात, आणि हिशेबाची जाण मोजणारा स्वतंत्र विभाग या परीक्षेत नाही. व्यवसाय आणि संगणक शिकायला निघालेल्या मुलाची निवड करायची ही रीत सुधारायला हवी.

दुसरी अडचण वेळेची आहे, आणि ती बाहेरच्या जिल्ह्यांतल्या लोकांच्या लक्षात सहसा येत नाही. सीईटीचे अर्ज वर्षाच्या पहिल्या महिन्यांत भरले जातात. त्याच काळात बीड जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन कोयता, म्हणजे तोडणी करणारं जोडपं, निघतो तो उन्हाळा लागल्यावर परततो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी यांसाठी आईवडिलांच्या सह्या आणि कागद लागतात, आणि आईवडील सांगली किंवा बेळगावकडच्या फडात. मुलगा गावात आजीजवळ. बारावीची परीक्षा त्याच दिवसांत. अशा घरातल्या मुलाचा अर्ज मुदतीत भरला गेला तर त्यामागे बहुतेक वेळा एखादा जागा शिक्षक असतो. कनिष्ठ महाविद्यालयांनी कोयता निघण्याआधीच या अर्जांच्या तयारीची आणि दाखल्यांची शिबिरं घेतली तर पैसा लागणार नाही, फक्त ठरवावं लागेल.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक, अशी ती आखणी. शालेय शिक्षण तुटू नये म्हणून ती आहे, पण तिचा लाभ पुढे पदवीच्या वर्गातही दिसतो : आठवी ते बारावी सलग एका जागी शिकलेलं मूल सीईटीच्या अर्जापर्यंत पोचतं.

मुलींच्या बाबतीत तर जवळचं महाविद्यालय हा आयुष्याचा प्रश्न आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठरा वर्षांच्या आत झाल्याचं नोंदलं गेलं. बारावीनंतर जिल्ह्याबाहेर पाठवायचं म्हटलं की घरात नकार ठरलेला. गावाजवळ शिकायला मिळालं तर लग्न तीन वर्षं पुढे जातं. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांचं संपूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं. पण हा लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींना आहे. म्हणून सीईटी टाळण्यासाठी नाव बदललेल्या अभ्यासक्रमात प्रवेश घेण्याआधी मुलीच्या घरच्यांनी फी माफी मिळणार की नाही हे लेखी विचारून घ्यावं. सोय म्हणून घेतलेला प्रवेश तीन वर्षं महाग पडू शकतो.

आता मुख्य प्रश्न. ही पदवी घेऊन बीडच्या मुलाने करायचं काय? वर्गात विचारलं तर बहुतेकांचं उत्तर पुणे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा ही नावं त्यांना पाठ असतात. उत्तर चुकीचं नाही. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो यांसारख्या कंपन्या अभियंत्यांखेरीज बीसीए आणि बी.एस्सी. झालेल्यांनाही घेत आल्या आहेत. विप्रोने तर नोकरी करता करता पुढची पदवी देण्याची योजना १९९० च्या दशकापासून चालवली. कमवायला लागल्याशिवाय शिकणं शक्य नाही अशा घरातल्या मुलासाठी ती मोलाची. पण या दाराची रुंदी आता कमी होते आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळातून सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं सुरुवातीचा साधा कोड लिहू लागली आहेत, चाचण्या घेऊ लागली आहेत. नुसता कोड लिहिता येतो एवढ्या बळावर कात्रज किंवा वारज्याला कॉट बेसिसवर जागा घेऊन मुलाखती देत फिरणाऱ्या मुलाची स्पर्धा आता यंत्राशीही आहे.

अशा वेळी त्याच्याकडे असलेलं दुसरं बळ त्याला माहीतच नसतं. ते म्हणजे पदवीचा व्यवसायाचा अर्धा भाग. वर्गात तो अर्धा भाग दुर्लक्षित राहतो. कॉस्टिंगचा पेपर पास होण्यापुरता, व्यवस्थापनाची तत्त्वं गाइडमधून पाठ. खरं तर धंद्याचा व्यवहार समजणारा आणि तो संगणकावर मांडता येणारा माणूस हीच या पदवीची सगळी किंमत आहे. आणि अशा माणसाची गरज बीड जिल्ह्यातच पावलोपावली आहे.

गावची सेवा सहकारी सोसायटी घ्या. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सगळ्या सोसायट्यांना एकच सॉफ्टवेअर, नाबार्डच्या देखरेखीखाली. संगणक आले, पण वर्षानुवर्षं हाताने लिहिलेली कीर्द आणि खतावणी त्यात उतरवायची कुणी? कर्जखात्यावरचं व्याज, शेअर भांडवल, थकबाकी, पीककर्जाचं नवं-जुनं हे समजल्याशिवाय जुन्या नोंदी नव्या रकान्यांत बसत नाहीत. निव्वळ टायपिस्ट तिथे चुका करतो, निव्वळ प्रोग्रॅमरला तो व्यवहारच कळत नाही. गटसचिव बहुतेक वयस्क, एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन सोसायट्या. बीबीए (सीए) किंवा बीसीए झालेला गावातला मुलगा इथे हवा असतो, आणि त्याला कुणी विचारत नाही. तोही तिकडे पाहत नाही.

पीकविमा हे दुसरं क्षेत्र, आणि त्यात बीडचं नाव देशभर झालं. २०२० च्या खरिपात इथे विम्याचं वेगळं सूत्र लागू झालं. नुकसानभरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांच्या वर गेली तर वरचा भार राज्याने उचलायचा; ती ८० टक्क्यांपेक्षा कमी झाली तर कंपनीने ठरावीक वाटा ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत करायची. ‘बीड पॅटर्न’ म्हणून हे सूत्र ओळखलं जातं. पुढे २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला, सेवा केंद्रांतून अर्जांचा पूर आला, त्यात बोगस अर्ज मोठ्या संख्येने आढळले आणि २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली. सातबारा, ई-पीक पाहणी, आधार आणि विमा अर्ज या चार ठिकाणची माहिती एकमेकींशी पडताळून पाहणारी चोख व्यवस्था असती, तर हे बोगस अर्ज पहिल्याच महिन्यात पकडता आले असते. अशी पडताळणी करणं हेच तर या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला शिकवलं जातं. आणि नुकसानीचं सूत्र, हप्ता, जोखीम ही व्यवसायाची बाजू.

तिसरं उदाहरण दुखरं आहे. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेतल्या ठेवी २०२३ पासून अडकल्या. गुन्हे दाखल झाले, सक्तवसुली संचालनालयाने मालमत्तांवर टाच आणली, आणि मराठवाड्यातल्या असंख्य कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी हवेत लटकली. निवृत्त शिक्षक, शेतकरी, छोटे दुकानदार, मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवलेले आईबाप. ठेवीवरचा दर बाजारापेक्षा इतका जास्त कसा, पैसा गुंतवला कुठे, ताळेबंदात कर्ज कुणाच्या नावावर दिसतं, हे प्रश्न विचारता येणारी माणसं गावोगाव असती तर कदाचित काही घरं वाचली असती. पतसंस्थांनी गजबजलेल्या जिल्ह्यात ताळेबंद वाचायला शिकणं हा परीक्षेपुरता विषय समजणं परवडणारं नाही.

साखर कारखान्यांचं काम तर मोठंच आहे. वजनकाटा, उसाची नोंद, तोडणीचा कार्यक्रम, वाहतुकीची बिलं, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत द्यायची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर. परळी, माजलगाव, केज या भागांत कारखाने आहेत आणि त्यांच्या संगणक विभागात बाहेरून आणलेलं सॉफ्टवेअर चालतं. पण सगळ्यात मोठी उणीव कारखान्याच्या फाटकाबाहेर आहे. मुकादमाने दिलेली उचल, त्यातून रोज कापली जाणारी मजुरी, खाडे, शेवटी उरलेलं देणं, हा कोयत्याचा हिशेब अजूनही मुकादमाच्या वहीत असतो. कामगार तो वाचू शकत नाही, म्हणून त्याच्यावर वाद घालू शकत नाही. ऊसतोड कामगाराच्या मुलाने आपल्या पदवीचा अंतिम प्रकल्प म्हणून मोबाइलवर मराठीतून चालणारी उचल-वही तयार केली, तर तो प्रकल्प गुणपत्रिकेपलीकडे जाईल. महाविद्यालयांतल्या प्रकल्पांच्या यादीत मात्र ग्रंथालय व्यवस्थापन, हॉटेल बुकिंग आणि रुग्णालयाची नोंदणी हीच तीन नावं वर्षानुवर्षं फिरत राहतात, आणि त्यांचे तयार कोड बाजारात विकत मिळतात.

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बालाघाटाच्या माळरानावरचं हे फळ पिकलं की दोन-तीन दिवसांत विकावं लागतं. कुठल्या बाजारात आज आवक किती, गाडी कुठे पाठवावी, गराची मागणी कुठे आहे, हे ठरवणं म्हणजे व्यवसाय आणि माहिती यांचा रोजचा मेळ. बाजारपेठेतल्या दुकानांचं चित्रही वेगळं नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हापासून मोंढ्यातल्या आडत्यापासून हार्डवेअरच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना टॅली येणारा, विवरणपत्रं भरणारा माणूस लागतो. तो मिळतोही. पण त्याला दुकानाचा साठा, उधारी आणि खरेदी यांतून काही शहाणपण काढून मालकाला सांगता येत नाही. कारण ते त्याला कुणी शिकवलं नाही.

पदवीशिवायही हे जमतं असं सांगणारी मंडळी दादासाहेब भगत यांचं नाव घेतात. ते आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणचे. आयटीआय करून पुण्याला गेले, इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय म्हणून काम केलं, त्या काळात संगणकावर काम करणारी माणसं पाहून ग्राफिक डिझाइन शिकले, पुढे प्रोग्रॅमिंग शिकले आणि स्वतःची कंपनी काढली. करोनाच्या काळात गावी परतून माळावरच्या गोठ्यात संगणक मांडून त्यांनी काम चालू ठेवलं. त्यांच्या डिझाइन टेम्प्लेट या उपक्रमात २०२४ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’च्या तिसऱ्या पर्वात अमन गुप्ता यांनी दहा टक्के हिश्शासाठी एक कोटी रुपये गुंतवण्याचं मान्य केलं. ही गोष्ट बीडच्या प्रत्येक वर्गात सांगावी अशी आहे. मात्र तिच्यातून पदवी नको असा अर्थ काढणं बरोबर नाही. भगत यांनी वर्गाबाहेर जे दोन विषय वेगवेगळे आणि फार कष्टाने मिळवले, ते म्हणजे तंत्र आणि धंदा. तेच दोन विषय या पदवीत एका छताखाली ठेवलेले आहेत.

अँटिव्हायरस बनवणाऱ्या क्विक हील या कंपनीची कथाही या दृष्टीने पाहावी. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता धंद्यात आले, पुण्यात दुरुस्तीचं दुकान काढलं. धाकटे भाऊ संजय यांनी संगणकशास्त्र शिकून व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम लिहिला. एकाला ग्राहक कळत होता, दुसऱ्याला यंत्र. २०१६ मध्ये त्यांची कंपनी शेअर बाजारात आली. दोन भावांनी मिळून जे केलं त्याची बीजं एका विद्यार्थ्यात पेरायची, हा या पदवीचा उद्देश असायला हवा.

पुढच्या शिक्षणाची दारंही मोजकी पण खरी आहेत. एमसीए २०२०-२१ पासून तीनऐवजी दोन वर्षांचं झालं आणि त्याला सीईटी आहे. बारावीला गणित नसलेल्यांनी त्याचे पात्रता नियम पदवीच्या पहिल्याच वर्षी वाचावेत, शेवटच्या वर्षी नव्हे. एमबीएला कुठल्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो, पण डेटा समजणाऱ्याला तिथे आता अधिक मान आहे. ज्यांना घर सोडणं शक्यच नाही त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांचे बीसीए अभ्यासक्रम आहेत. शिस्त असेल तर तेही उपयोगी पडतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथं वर्ष करून ऑनर्स पदवीही घेता येते. बीडच्या बहुसंख्य कुटुंबांना तिसऱ्या वर्षानंतर घरात पगार हवा असतो, त्यामुळे चौथ्या वर्षाची निवड थोडेच करतील, हे उघड आहे.

याच धोरणात एक तरतूद आहे जिच्याकडे जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं : क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. या तिन्हींना आता श्रेयांक आहेत. म्हणजे मुलगा एक सत्र गावच्या सोसायटीत, बाजार समितीत, जिनिंगमध्ये, शेतकरी उत्पादक कंपनीत किंवा कारखान्याच्या शेतकी विभागात काम करून आला तर ते पदवीचाच भाग ठरतं. मात्र हे काम एखाद्या ओळखीच्या दुकानाच्या शिक्क्यावर उरकलं जाण्याचा धोका आहे, आणि तो रोखणं प्राचार्यांच्या हातात आहे. जिल्हा उपनिबंधक कार्यालय, जिल्हा अग्रणी बँक आणि महाविद्यालयं यांनी एकत्र बसून पन्नास सोसायट्या आणि पन्नास विद्यार्थी एवढी जरी जोडणी केली, तरी दोन वर्षांत जिल्ह्याच्या सहकाराकडे आपली स्वतःची माणसं तयार होतील.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगर ते बीड रेल्वे सुरू झाली. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाचा हा टप्पा पूर्ण व्हायला अनेक दशकं लागली. या गाडीने बीडची मुलं पुण्याच्या आणखी जवळ आली. ती जातील, जावीतही. जाताना त्यांच्याजवळ अर्धी नव्हे, पूर्ण पदवी असावी.

यंदा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी एवढं करावं. महाविद्यालयाच्या जाहिरातीवर न जाता तिथे स्वतः जावं. एआयसीटीईच्या मान्यतेचं पत्र पाहावं. प्रयोगशाळेत किती संगणक चालू आहेत आणि इंटरनेट आहे का, हे उभं राहून बघावं. संगणक शिकवणारे पूर्णवेळ शिक्षक किती आणि लेखांकन कोण शिकवतं, हे नावानिशी विचारावं. गेल्या वर्षीचे तिसऱ्या वर्षाचे प्रकल्प मागून घ्यावेत. त्यांत बीड जिल्ह्यातल्या एकाही खऱ्या संस्थेचं काम नसेल, तर दुसरं महाविद्यालय शोधावं.